मधला त्रिकोण

"मॅडम, ह्यो कुठवर आणायचा?"

तिसऱ्या रांगेतल्या मुलीनं मान वर न करता विचारलं. बार्शी तालुक्यातल्या एका गावची शाळा, मे महिन्यातली दुपार, अकरा संगणकांच्या वाफेनं आणखीच तापलेली खोली, दारात चपलांचा ढीग. तिच्या पडद्यावर तिचाच चेहरा होता. शेजारी गिंप या फोटो दुरुस्त करायच्या प्रोग्राममधली, उजेड-अंधार कमी-जास्त करायची 'लेव्हल्स'ची चौकट उघडलेली, आणि त्या चौकटीतला उजवीकडचा पांढरा त्रिकोण ती माउसनं डावीकडे ओढत होती. थोडा ओढायचा, थांबायचं, चेहऱ्याकडे बघायचं, पुन्हा ओढायचा. दर वेळी तिचा सावळा चेहरा एकेक पायरी उजळत होता. पाठीमागच्या खिडकीचे गज, गजांपलीकडचा कडुलिंब, हे सगळं केव्हाच पांढऱ्याफटक चौकोनात विरघळून गेलं होतं. मी तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "तुला कुठवर बरा वाटतोय?" उत्तर माझ्यापाशी नव्हतं, म्हणून मी प्रश्न तिच्याकडेच परत केला. तिनं क्षणभर पाहिलं आणि त्रिकोण आणखी थोडा आत आणला. तेवढ्यात लाइट गेली. मुलं ओरडत बाहेर पळाली, आणि तो चेहरा शेवटी कुठवर गेला ते मला दिसलंच नाही.

गावाहून बार्शीपर्यंत एसटीत उभं राहून आले. कंडक्टरनं दोनदा तिकीट विचारलं तरी माझं लक्ष नव्हतं.

दर उन्हाळ्यात मी आठ दिवस ही शिकवणी घेते. तिची सुरुवात अर्जांपासून झाली. बँकेच्या भरतीचा अर्ज भरायचा तर फोटो 200 × 230 पिक्सेल, 20 ते 50 केबी. सही 140 × 60, 10 ते 20 केबी. एवढ्यासाठी पोरापोरींना तालुक्याला जावं लागतं, सोबत कुणीतरी मोठं माणूस जातं, त्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो. नेट कॅफेवाला दोन मिनिटांत फोटो कापून देतो, पण तो काय करतो ते कळत नाही, आणि पुढच्या अर्जाला पुन्हा तेच. शाळेत संगणक आहेत, गिंप फुकट मिळतं, मग हे शाळेतच का होऊ नये, एवढाच माझा साधा विचार होता. फोटो म्हणजे काय, तो लहान कसा करायचा, वाकडा असेल तर सरळ कसा करायचा, काळोखी आली असेल तर उजेड कसा आणायचा. आठ दिवसांत यापेक्षा जास्त होत नाही, आणि यापेक्षा जास्त लागतही नाही.

पहिल्या दिवशी मी माझ्या आईनं भरलेला एक उशीचा अभ्रा नेते. मॅटीच्या कापडावर फुल्यांच्या टाक्यांनी भरलेला हंस. आईच्या पिढीतल्या बायका आलेख वहीवर नक्षी काढायच्या, चौकोन मोजायच्या आणि तितकेच टाके कापडावर घालायच्या. मुलांना मी तो अभ्रा नाकाशी धरायला लावते. नुसत्या निळ्या-पांढऱ्या फुल्या दिसतात. मग दारापर्यंत मागे जायला सांगते, हंस दिसतो. त्यानंतर पिक्सेल या शब्दाला फारसं समजावून सांगावं लागत नाही. हंस चाळीस टाके रुंद असेल आणि तुम्हाला तो चारशे टाके रुंद हवा असेल तर काय कराल, असं मी विचारते. एका टाक्याच्या जागी शंभर टाके येणार. त्यांचा रंग कोण ठरवणार? संगणक आजूबाजूच्या टाक्यांकडे बघून अंदाज बांधतो. म्हणून तर व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला अंगठ्याएवढा फोटो फ्लेक्सवर छापला की माणूस धुक्यात उभा असल्यासारखा दिसतो. जे टाके घातलेच नव्हते ते कुठून आणणार?

मग मी त्यांना एका बाळाचा फोटो दाखवते. 1957 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत रसेल किर्श नावाच्या अभियंत्यानं आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो यंत्रात भरला. पाच सेंटिमीटर लांबी-रुंदीचा, 176 × 176 टाक्यांचा. फोटो संगणकात गेला तो तिथून. पण मला त्यातली आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. त्या यंत्राला फक्त काळं की पांढरं एवढंच कळायचं. तेवढ्यावर बाळाचे गाल उमटले नसते. म्हणून एकच फोटो पुन्हा पुन्हा वाचायचा, दर वेळी काळ्या-पांढऱ्यामधली सीमारेषा थोडी सरकवायची, आणि ती सगळी वाचनं एकावर एक ठेवायची. त्यातून करडा रंग आला. गालाची गोलाई आली. ओठाखालची इवलीशी सावली आली.

आता त्या करड्याच्या 0 ते 255 अशा पायऱ्या असतात. 0 म्हणजे मिट्ट काळं, 255 म्हणजे कोरं पांढरं. लाल, हिरवा आणि निळा यांच्या प्रत्येकी 256 पायऱ्या, त्यांचा गुणाकार केला की 1 कोटी 67 लाख 77 हजार 216 रंग. फळ्यावर हा गुणाकार करायला मुलं भांडतात. त्या दिवशी सकाळी मी त्यांना रंग मोजायचं हत्यार दिलं होतं. फोटोत कुठेही टेकवलं की तिथले तीन आकडे सांगतं. सगळे एकमेकांच्या गालांवर टेकवत सुटले. एकाचे 118, 78, 58. दुसरीचे 196, 152, 128. खोलीतल्या प्रत्येक चेहऱ्याचे आकडे वेगळे, पण क्रम तोच: लाल सगळ्यांत जास्त, मग हिरवा, शेवटी निळा. सरळ उजेडात काढलेल्या कुठल्याही माणसाच्या कातडीचा क्रम सहसा हाच येतो, ती काळी असो की गोरी. फरक असतो तो उजेडाच्या पायरीचा. हे मुलांनी स्वतः शोधून काढलं तेव्हा मला फार समाधान वाटलं होतं. त्यानंतर दोनच तासांनी तिनं तो प्रश्न विचारला.

बार्शीत मी मामाकडे उतरते. आता तिथं मोबाइलची दुकानं आहेत, पण खाली रस्त्यावर पूर्वी मामाचा फोटो स्टुडिओ होता. शाळेच्या सगळ्या सुट्ट्या माझ्या तिथं गेल्या. फोटो पक्का करायच्या हायपोचा आंबूस वास, डार्करूमच्या लाल दिव्यात ट्रेमधल्या कागदावर हळूहळू वर येणारा चेहरा, मागच्या पडद्यावर रंगवलेला जिना आणि कारंजं. पण सगळ्यांत जास्त वेळ मी बसायची ती रिटचिंगच्या टेबलापाशी. दुधी काच तिरकी बसवलेली, खाली आरसा, वर निगेटिव्ह. मामा शिसपेन्सिलीचं टोक सुईसारखं लांब करायचा, डोळ्याला भिंग लावायचा आणि निगेटिव्हवर इतकं हलकं काम करायचा की हात हलतोय हे कळायचं नाही. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. डोळ्याखालची काळी वर्तुळं तिथं पातळ, काचेसारखी आरपार दिसतात. त्या जागी शिसं बसवलं की प्रिंटमध्ये तेवढी जागा उजळते. सुरकुती भरते, मुरुमाचा खड्डा भरतो. मामाचा एक नेम होता. चेहऱ्यावरचा तीळ तो विचारल्याशिवाय काढत नसे. "तीळ त्यांचा आहे," म्हणायचा, "पुटकुळी चार दिवसांची पाहुणी."

लग्नसराईच्या आधी स्टुडिओत मुली यायच्या. काठापदराची साडी, गजरा, सोबत आई किंवा मावशी. मुलगी स्टुलावर बसली की आई काउंटरशी येऊन आवाज खाली करायची. "जरा बघा हं." एवढंच. काय बघायचं ते दोघांनाही ठाऊक. परिचयपत्रात 'वर्ण' असा एक रकाना असायचा, अजूनही असतो, आणि त्यात आपल्या भाषेनं किती बारीक पायऱ्या पाडल्या आहेत: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. काळा असं कुणीही लिहीत नाही. ती पायरी जणू मोजणीतच नाही. फोटोला त्या रकान्याशी जुळतं घ्यावं लागायचं. मामा एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो पाडणाऱ्या यंत्राखाली, तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती चेहऱ्यावर धरून हलवायचा. तेवढा भाग कमी भाजला जायचा आणि उजळ यायचा. पुढे स्टुडिओत संगणक आला, फोटोशॉप आलं. त्यात चेहरा उजळायच्या हत्याराचं चित्र काडीला लावलेल्या चकतीचं आहे, आणि गडद करायच्या हत्याराचं चित्र मूठ वळवून भोक केलेल्या हाताचं. मामानं ती चित्रं पाहिली आणि खुर्चीतच उठून बसला. "अरे, हे तर आपलंच!" त्याला इंग्रजी मेनू वाचता येत नव्हता, पण ती दोन हत्यारं त्यानं कुणी न शिकवता चालवली.

2003 मध्ये त्यानं माझा फोटो काढला. मी तेवीस वर्षांची होते. मोरपंखी साडी आईची. फोटो आठ दिवसांनी हातात आला तेव्हा मी आधी साडी ओळखली, मग स्वतःला. रंग दोन पायऱ्या वर गेला होता. मी सावळीवरून निमगोरी झाले होते. कपाळ आणि नाकाचा शेंडा यांत काही फरक उरला नव्हता, दोन्हीकडे एकच गुळगुळीत उजेड.

मला तो फोटो फार आवडला होता.

हे आज लिहितानाही जड जातं, पण तेच खरं आहे. मी तो उशीखाली ठेवून झोपले होते. त्या फोटोतल्या मुलीला कुणी नाही म्हणणार नाही असं मला वाटलं होतं, आणि ती मुलगी मीच आहे हे काही दिवस मी मनापासून मानलं होतं. पुढे एका घरी दाखवण्याचा कार्यक्रम झाला. पोहे झाले, चहा झाला. निघताना त्या घरच्या आजींनी माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या फोटोकडे, मग पुन्हा माझ्याकडे. बोलल्या काहीच नाहीत. ती नजर मात्र दोन आकड्यांमधलं अंतर मोजल्यासारखी होती, आणि ती माझ्या अंगावरून अजून पुरती गेलेली नाही.

पुष्कळ वर्षांनी मी वाचलं की हा कल फक्त आपल्या काउंटरवरचा नव्हता. अमेरिकेत रंगीत प्रिंटचे रंग जुळवायला कोडॅककडून एक नमुन्याचं कार्ड येई. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असायचा आणि तिला म्हणायचे शर्ली. शर्लीचा चेहरा बरोबर आला की यंत्र बरोबर लागलं. वेगवेगळ्या वर्णांच्या माणसांचं कार्ड यायला नव्वदचं दशक उजाडलं. फिल्मवर तपकिरी छटा नीट उमटत नाहीत ही तक्रार जोरानं केली ती चॉकलेट आणि लाकडी सामान विकणाऱ्यांनी. हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

तर त्या संध्याकाळी मामाला विचारलं. तो गच्चीवर खाटेवर बसला होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा चोळत. म्हटलं, "मामा, चेहरा उजळायचा तर कुठवर उजळायचा?" तो लगेच बोलला. कामाचा प्रश्न विचारला की त्याचं वय उतरतं. "गालाची गोलाई असेतोवर. सावली पातळ करायची, पुसायची नाही. पुसली की गाल पत्र्यासारखा. नाकाच्या बाजूची, ओठाखालची, हनुवटीखालची, या तीन सावल्या गेल्या की माणूस गेला." मी थोडं थांबून विचारलं, "आणि माझा फोटो?"

तो बराच वेळ खालच्या रस्त्याकडे बघत राहिला. "तुझ्या आईनं सांगितलं होतं," म्हणाला. "मी आधी साधा काढून दिला होता. तिनं परत पाठवला. दोनदा."

हे मला माहीत नव्हतं. आई जाऊन सहा वर्षं झाली. तिचा हंसाचा अभ्रा माझ्या पिशवीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळ्यावर तीन आकडे लिहिले: 205, 220, 240. म्हटलं, हे एका कपाळावरचे तीन ठिपके. भुवईजवळचा, मधला आणि उजेड पडलेला. आता उजवा त्रिकोण 255 वरून 200 वर आणा. त्याचा अर्थ असा की 200 ला आजपासून कोरं पांढरं म्हणायचं. मग या तिघांचं काय होईल? पहिल्या बाकावरच्या मुलानं सांगितलं, "तिन्ही 255." बरोबर. फोटो साठवला, चौकट बंद केली. आता त्यांना परत आणा. मुलं गप्प. तिन्हीकडे 255 लिहिलेलं आहे. त्यातला 205 कोणता होता हे आता कुणालाच सांगता येणार नाही, संगणकालाही नाही. ती मुलगी फळ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं, कारण हा धडा तिच्यासाठी आहे असं तिला वाटायला नको होतं.

मग मधला त्रिकोण शिकवला. काळा आणि पांढरा, दोन्ही टोकं जागच्या जागी ठेवून तो मधल्या पायऱ्या वर उचलतो. डावीकडे सरकवला की अंधारात बुडालेला चेहरा वर येतो, पण खिडकी उधळून जात नाही. आणि मला सगळ्यांत सांगायची होती ती गोष्ट सांगितली. या 256 पायऱ्या उजेडाला सारख्या वाटलेल्या नाहीत. पूर्ण उजेडाच्या बरोबर निम्मा उजेड 128 वर येईल असं वाटतं, पण नेहमीच्या फोटोत तो येतो 188 च्या जवळपास. म्हणजे कमी उजेडाच्या अर्ध्याला जवळजवळ 188 पायऱ्या, आणि जास्त उजेडाच्या अर्ध्याला उरलेल्या 68. असं का, तर आपल्या डोळ्याला अंधाराकडचे फरक जास्त बारकाईनं कळतात. पांढऱ्यात उजेड थोडा इकडे-तिकडे झाला तर लक्षात येत नाही, सावळ्यात तेवढाच झाला तर येतो. "म्हंजी काळ्यात जास्त नक्षी मावती," एक जण म्हणाला. मी ते त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहिलं.

मधल्या सुट्टीत तिचा फोटो मी तिच्या शेजारी बसून मोठा करून पाहिला. चेहरा काळोखा आला होता तो खिडकीमुळे. खिडकी पाठीमागे घेऊन बसलं की कॅमेऱ्याला समोर उजेडच उजेड दिसतो, तो सगळ्याची सरासरी मधल्या करड्यावर आणायला बघतो आणि उजेड कमी करतो. त्यात चेहरा बुडतो. म्हणजे तिला चेहरा उजळावासा वाटला त्यात चूक काहीच नव्हती. फोटो तिच्या खऱ्या रंगाहून काळा आलाच होता. चूक कुठे सुरू झाली ती जागा दाखवता येण्यासारखी होती. तिथवर येईतो मात्र मला आणखी एक गोष्ट दिसली. तिच्या गणवेशाच्या कापडाची वीण स्पष्ट दिसत होती, वेणीतला केस न् केस दिसत होता, आणि गालांवर काहीच नव्हतं. फोटो भावाच्या मोबाइलवर काढलेला. मोबाइल मागवून सेटिंग उघडलं. 'ब्यूटी' चालू होतं, तेही निम्म्याच्या वर. तिनं ते लावलेलं नव्हतं, भावानंही नाही. फोटो आमच्या हातात आला तेव्हाच गाल पुसलेले होते.

ते बंद केलं. आम्ही व्हरांड्यात गेलो, जिथं ऊन थेट येत नव्हतं पण अंगणाचा उजेड येत होता. तिला उजेडाकडे तोंड करून उभं केलं. भिंतीचा निळा रंग चेहऱ्यावर येत होता म्हणून दोन पावलं पुढे घेतलं. एका मुलीनं ड्रॉइंगचा मोठा पांढरा कागद तिच्या छातीशी आडवा धरला; हनुवटीखालची सावली पातळ झाली, पुसली गेली नाही. मामा हेच थर्मोकोलनं करायचा. तीन फोटो काढले.

खोलीत येऊन तिनं स्वतःच एक निवडला. वाकडा होता तो सरळ केला, कापला, लेव्हल्स उघडलं. उजव्या त्रिकोणाला हात लावला नाही. मधला थोडा डावीकडे नेला, चेहऱ्याकडे बघितलं, आणखी नेला, मग परत आणला. कालच्यापेक्षा कितीतरी आधी थांबली. उजव्या भुवईत कांजिण्यांची जुनी खूण होती. डाग भरायचं हत्यार आम्ही सकाळीच शिकलो होतो. तिनं ते निवडलं, खुणेवर नेलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मामाचं तीळ आणि पुटकुळीचं वाक्य सांगितलं. तिनं हत्यार बदललं.

मग 200 × 230. मूळ फाइल वेगळी ठेवली, अर्जासाठी जेपेग, म्हणजे फोटो कमी जागेत बसवणारी फाइल, केली. दर्जाची पट्टी खाली आणली तशी फाइल लहान होत गेली. मी मुलांना सांगत होते की जेपेग फोटोचे 8 × 8 टाक्यांचे चौकोन पाडतं आणि डोळ्याला जे कमी जाणवतं ते आधी सोडून देतं. रंगाचे बारकावे जास्त जातात, उजेड-सावलीचे कमी. त्यामागचं गणित बेंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर 1974 मध्ये मांडलं. मुलांना बेंगळुरू ऐकून बरं वाटलं. एकाचा भाऊ तिथं ट्रक घेऊन जातो. पट्टी 38 केबीवर थांबली.

सुटताना ती पेन ड्राइव्ह घेऊन आली. आजचा फोटो मी त्यात टाकला. ती हलली नाही. म्हणाली, "मॅडम, कालचा बी द्या."

"तो कशाला?"

"आजचा फॉर्मला. कालचा मम्मीला दाखवते."

मी कालची फाइल शोधली. लाइट जाण्याआधी तिनं ती साठवली होती. माउसचं बटण दाबायला मला थोडा वेळ लागला. मग तोही टाकून दिला.